सेकंडहँड मोटरसायकल नावावर करताना अर्ज कुठे अडतो? पात्रता, कागदपत्रं आणि विकणाऱ्याकडून आधीच करून घ्यायच्या गोष्टी

मोटरसायकल एका नावावरून दुसऱ्या नावावर करायची सरकारी फी आहे १५० रुपये. आरसीच्या (नोंदणीपत्राच्या) स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च वेगळा. एवढ्याशा कामाला लोक एजंटला दोन-तीन हजार मोजतात आणि तरी वर्षभराने गाडी जुन्याच मालकाच्या नावावर सापडते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. आधी पैसे दिले, चावी घेतली, विकणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मग कागदांकडे वळले. अर्ज जिथे जिथे अडतो, तिथे जवळपास प्रत्येक वेळी विकणाऱ्याची सही, त्याचा आधार किंवा त्याचा मोबाइल लागतो. तो माणूस हाताशी असतानाच कागद उरका. किमतीतले निदान चार-पाच हजार, विकणाऱ्याच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचं काम होईपर्यंत, स्वतःकडे ठेवा. यात कोणाचा अपमान नाही, चांगला विकणारा स्वतःच तसं सुचवतो.

कोणाच्या नावावर होते आणि कुठे

पत्त्याचा पुरावा असलेल्या कोणाच्याही नावावर गाडी होते. त्यासाठी लायसन्स लागत नाही, ते चालवायला लागतं. आईच्या नावावर गाडी घेणाऱ्यांना हे उगाच घाबरवलं जातं. अर्ज घेणाऱ्याच्या पत्त्याच्या आरटीओत करायचा. म्हणजे गाडी एमएच १२ असली आणि तुम्ही कराडला राहत असाल, तर तुमचं कार्यालय एमएच ५०.

इथे पहिली ठेच लागते. आधार गावाकडचा आणि राहणं पिंपरीत. गावचा पत्ता चालणार असेल तर तिथल्याच कार्यालयात अर्ज करा. पिंपरीचाच हवा असेल तर आधी आधारवर पत्ता बदलून घ्या. नोंदणीकृत भाडेकरार चालतो, पण घरमालकाने शंभरच्या स्टँपवर लिहून दिलेला कागद बहुतेक ठिकाणी परत येतो.

मुदत: १४, ३० आणि पुन्हा १४

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. गाडी राज्यातच राहणार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, राज्याबाहेर जाणार असेल तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. हे दिवस विक्रीच्या तारखेपासून मोजतात. एजंटने फॉर्म आणून दिले त्या दिवसापासून नाही आणि शेवटचा हप्ता दिला तेव्हापासूनही नाही. फॉर्म २९ वर (विक्री कळवायचा फॉर्म) जी तारीख टाकाल तीच धरली जाते, म्हणून ती कोरी सोडू नका.

दुसरे १४ दिवस इन्शुरन्सचे. कलम १५७ नुसार मालकी बदलली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे आला असं मानलं जातं, पण नाव बदलण्याचा अर्ज १४ दिवसांत विमा कंपनीकडे द्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर असं आपोआप येत नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) तर विकणाऱ्याचाच राहतो.

टीटी (नाव बदलण्याच्या) फॉर्मवर सही करून दिली म्हणजे सुटलो?

नाही. विकणारे इथेच फसतात. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही ठोकली, दोन फोटो दिले आणि गाडी विसरून गेले. ती गाडी पुढे आणखी दोघांना विकली जाते, फॉर्म तेच फिरत राहतात आणि आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याच्या नावावर नोंद आहे तोच मालक. मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेलेली असो. तिथेही गाडी कागदावर न बदलता हातोहात विकली गेली होती. ‘मी तर कधीच विकली’ हे वाक्य न्यायाधिकरणासमोर उपयोगी पडत नाही.

कागदपत्रं

फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, दोघांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, पॅन किंवा (ते नसेल तर) फॉर्म ६०, फोटो, चेसिस प्रिंट (चेसिस नंबरचा कागदावर उठवलेला ठसा). अर्ज परिवहनच्या साइटवर ‘वाहन’मध्ये भरायचा, फी भरायची, प्रिंट काढायची. हे भाग कोणीही करू शकतं. खरी गोची पुढे आहे.

मोबाइल नंबर

सध्या सर्वांत जास्त अर्ज इथे अडतात. आरसीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गाड्यांना जोडलेला नंबर बऱ्याचदा शोरूमच्या पोराचा नाहीतर एजंटचा असतो. काहींचा तर दहा वेळा नऊ असा. त्या काळी रकाना भरायचा म्हणून भरलेला. त्याची किंमत आज तुम्ही मोजायची.

नंबर बदलायची सोय ‘वाहन’वर आहे. तिथे गाडी क्रमांक, चेसिस आणि इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि आरसीची मुदत अचूक टाकावी लागते. यातली एक गोष्ट जुन्या आरसी बुकात हाताने लिहिलेली आणि संगणकात वेगळी असली, की ‘माहिती जुळत नाही’ एवढंच उत्तर मिळतं. काय जुळत नाही ते सांगायची तसदी यंत्रणा घेत नाही. मग मालकाला स्वतः आरटीओत जाऊन नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. मालक म्हणजे विकणारा. तो तोवर दुबईला गेलेला असला तर बसा वाट बघत. म्हणून सौदा ठरवायच्या आधी, गाडीजवळ उभं राहूनच, विकणाऱ्याच्या फोनवर ओटीपी येतो का ते करून बघा.

फेसलेस पद्धतीने घरबसल्या अर्ज करायचा तर आधारला जोडलेला मोबाइलही चालू लागतो आणि आधारवरचं नाव आरसीवरच्या नावाशी जुळावं लागतं. आरसीवर ‘पाटील एस. बी.’ आणि आधारवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव. असं असेल तर फेसलेसचा नाद सोडा आणि सरळ कार्यालयात जा.

एचपी (आरसीवरची कर्जाची तारण-नोंद) उतरलेली नाही

कर्ज २०१६ ला फिटलं, आरसीवर फायनान्सचं नाव अजून आहे. ते असेपर्यंत फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय गाडी हलत नाही. एचपी काढायला फॉर्म ३५ लागतो, त्यावर मालक आणि फायनान्स कंपनी दोघांची सही-शिक्का, शिवाय त्यांची एनओसी (ना-हरकत पत्र). अनेक एनओसींवर मुदत छापलेली असते, ती उलटली की नवी आणावी लागते. तेव्हा कपाटातली जुनी एनओसी दाखवून कोणी ‘पेपर क्लियर’ म्हणत असेल तर तारीख वाचा. पतसंस्था बंद पडली असेल, कंपनी दुसरीत विलीन झाली असेल, तर ज्याच्याकडे खाती गेली त्याच्याकडून पत्र आणावं लागतं. हे विकणाऱ्याचं काम आहे. स्वतःच्या अंगावर घेऊ नका.

चेसिस प्रिंट

हसण्यावारी नेतात आणि यातच एक चक्कर वाया जाते. स्प्लेंडरसारख्या गाडीत नंबर हँडलखालच्या नळीवर उजव्या बाजूला ठोकलेला असतो. तिथे वर्षांची धूळ, ग्रीस आणि केबलच्या घासण्याने झालेला चिखल असतो. हँडल डावीकडे पूर्ण वळवा, पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने जागा पुसा, कोरडी करा. पातळ कागद ताणून धरा आणि शिसपेन आडवी धरून हलक्या हाताने घासा. कागद सरकला तर आकडे दुहेरी उठतात, मग ३ आणि ८ मध्ये फरक कळत नाही. दोन-तीन प्रिंट काढून ठेवा. गंज काढायला पॉलिश पेपर मारू नका. आकडे झिजले तर गाडीवर संशय येतो आणि मग प्रकरण निरीक्षकाकडे जातं.

याच वेळी इंजिन नंबरही आरसीशी ताडून बघा. खेडोपाडी इंजिन बसलं की भंगारातलं दुसरं आणून टाकतात. गाडी झकास चालते, पण कागदावर ती दुसरीच गाडी असते. कलम ५२ खाली असा बदल नोंदवावा लागतो. नोंदवलेला नसेल तर किंमत कमी करून घेत बसू नका, गाडीच सोडा.

मालक वारलेला असेल

वडिलांची गाडी मुलगा विकतो, फॉर्मवर वडिलांसारखी सही करतो. असले कागद घेऊ नका, ही बनावट सही आहे. इथे दोन टप्पे आहेत. आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर गाडी करायची, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. मृत्यूनंतर ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत हा अर्ज द्यायचा असं कायदा सांगतो. दुःखाच्या घरात तीन महिने कसे जातात ते कायदा करणाऱ्याला माहीत नसावं. त्यानंतर वारसाकडून तुमच्या नावावर. बहिणींच्या सह्या अडल्या तर गाडी वर्षभर अंगणात उभी राहते, हे गृहीत धरूनच पुढे जा. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. गाडी नावावर झाली की तेवढं करून टाका.

नंबर प्लेट, चलन, पीयूसी

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट नसेल तर महाराष्ट्रात नाव बदलणं, पत्ता बदलणं, एचपी चढवणं-उतरवणं ही कामं रोखली जातात. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. नोंदणी परिवहन विभागाच्या साइटवरच्या लिंकवरूनच करा, सर्चमध्ये वर दिसणारी पहिली साइट खरी असेलच असं नाही. प्लेट लागली तरी तिची नोंद ‘वाहन’वर दिसेपर्यंत अर्ज पुढे जात नाही. प्लेट बसवणाऱ्याला तिथेच नोंद करायला सांगा.

थकलेली ई-चलनं आधी भरून घ्या, विकणाऱ्याच्या खिशातून.

पीयूसी हे गाडीची तब्येत कळायचं साधन समजा. एका सिलिंडरच्या कार्ब्युरेटर गाडीचा एअर फिल्टर चोंदलेला असला, चोक अर्धा ओढलेला राहिला किंवा मिश्रण पेट्रोलकडे झुकलेलं असलं की कार्बन मोनॉक्साइड चढतो. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून, इंजिन गरम करून न्या. गार इंजिनवर चाचणी दिली तर चांगली गाडीही नापास होते. फिल्टर, प्लग, टॅपेट आणि आयडलिंग एवढं केलं तर बहुतेक गाड्या सुटतात. पण रेस देताना निळा धूर येत असेल तर रिंगांचं काम आहे, रेस सोडल्यावर येत असेल तर व्हॉल्व्ह सीलचं. तो खर्च सौद्यात धरा. बीएस ४ आणि बीएस ६ गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहाच महिने.

इन्शुरन्सच्या कागदावर दोन तारखा असतात, त्याही नीट वाचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो आणि स्वतःच्या नुकसानीचा बऱ्याचदा एका वर्षाचा. दुसरी तारीख उलटली म्हणून विमा संपला असं नाही. खिडकीवर तसं सांगितलं तर थर्ड पार्टीच्या तारखेवर बोट ठेवा.

पंधरा वर्षांची मुदत

आरसीची मुदत नोंदणीपासून १५ वर्षं. तुम्ही घेतल्यापासून नव्हे. उलटल्यावर फॉर्म २५ भरून, गाडी निरीक्षकाला दाखवून पाच वर्षांसाठी वाढवतात. अर्ज मुदतीआधी ६० दिवसांच्या आत करता येतो. एप्रिल २०२२ पासून मोटरसायकलला १,००० रुपये आणि उशिराला महिन्याला ३०० रुपये. २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला २,०००. पर्यावरण कर त्यावर वेगळा. म्हणजे २००९ ची गाडी १२ हजाराला ‘लॉटरी लागली’ म्हणून घेतली आणि आरसी दोन वर्षांपूर्वी संपलेली निघाली, तर दंडातच सात हजार. आवाज करणारा सायलेन्सर, बंद इंडिकेटर, कापलेला मडगार्ड, आरसीपेक्षा वेगळा रंग, यावर गाडी परत पाठवतात. बुलेटवाल्यांनी कंपनीचा सायलेन्सर माळ्यावरून काढून ठेवावा.

गोव्याची, कर्नाटकची गाडी

सावंतवाडी, चंदगड, गडहिंग्लज भागात जीए आणि केए गाड्या स्वस्त मिळतात. स्वस्त का, ते एनओसी काढताना कळतं. फॉर्म २८ वर तिथल्या कार्यालयाची एनओसी लागते. अर्जावर ३० दिवसांत नकार कळवला नाही तर ती मिळाली असं कलम ४८ मानतं, पण हे वाक्य खिडकीवर म्हणून दाखवणं सोपं नाही. इथे आल्यावर महाराष्ट्राचा कर भरायचा आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यास नवा नंबर. कराची रक्कम आधी विचारा, मगच किंमत ठरवा.

विकणाऱ्यांसाठी

जुन्या गाड्यांच्या दुकानात गाडी देत असाल तर दुकानाकडे आरटीओची अधिकृत डीलर मान्यता आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९ सी भरून अशा डीलरकडे गाडी दिल्याची नोंद होते आणि त्यानंतर जबाबदारी त्याची. मान्यता नसेल तर दुकानदार हाही साधा खरेदीदारच, त्याच्या नावावर फॉर्म करून घ्या. फॉर्म २९ ची एक प्रत स्वतः कार्यालयात देऊन पोच घ्या, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आणि तारीख-वेळ घातलेली डिलिव्हरी पावती जपून ठेवा. महिन्याभराने ‘वाहन’वर गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का बघा. बदललं नसेल तर घेणाऱ्याला दुसरा फोन करण्यात वेळ घालवू नका, पोच जोडून आरटीओला लेखी अर्ज द्या.