सिनेटरची उमेदवारी तोलताना : डेलिगेटांच्या हिशेबाची पार्श्वभूमी

अमेरिकेत एखाद्या सिनेटरचे नाव अध्यक्षपदासाठी घेतले जाऊ लागले की पहिली चर्चा त्याच्या वक्तृत्वाची, वयाची आणि देणगीदारांची होते. सिनेटमधून अध्यक्षपदाकडे जाणारी वाट सरळ असावी असे वाटणे साहजिक आहे, पण विद्यमान सिनेटर थेट अध्यक्ष म्हणून निवडून आल्याचे प्रसंग आजवर तीनच आहेत : १९२० साली ओहायोचा, १९६० साली मॅसॅच्युसेट्सचा आणि २००८ साली इलिनॉयचा. यांपैकी पहिल्याची उमेदवारी प्रायमरीतून (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानातून) नव्हे, तर पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात दहाव्या मतफेरीअंती ठरली होती. याउलट १९६४, १९७२ आणि २००४ या तिन्ही वर्षी विद्यमान सिनेटरांनी पक्षाची उमेदवारी मिळवली आणि ते देशापुढे हरले. तेव्हा सिनेटरच्या शक्यता तोलताना सिनेटमधले वजन हे माप फारसे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते वेळापत्रक आणि डेलिगेटांचा हिशेब, आणि हा हिशेब आज जसा आहे तसा तो का झाला, हे सांगण्यासाठी हे टिपण आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा करायला हवा. आपल्याकडे 'डेलिगेट'साठी 'प्रतिनिधी' असे लिहिले जाते, आणि अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहातील सदस्यालाही आपण 'प्रतिनिधी'च म्हणतो. त्यामुळे बातमी वाचताना घोटाळा होतो. प्रायमरीत मतदार उमेदवाराच्या नावावर खूण करतो. मात्र त्यातून निघतात ते पक्षाच्या उन्हाळी अधिवेशनात त्या उमेदवाराच्या बाजूने मत देणारे लोक. त्यांना येथे डेलिगेटच म्हटले आहे. मिळालेली मते आणि मिळालेले डेलिगेट या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच दिशेने जातात, पण नेहमी नाही.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. १९५२ साली टेनेसीच्या सिनेटरने न्यू हॅम्पशायरमध्ये विद्यमान अध्यक्षांना हरवले, पुढच्या बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी अधिवेशनाने उमेदवारी इलिनॉयच्या गव्हर्नरला दिली. प्रायमरी तेव्हा पुढाऱ्यांना लोकप्रियता दाखवण्यापुरत्या होत्या. १९६० साली मॅसॅच्युसेट्सच्या कॅथलिक सिनेटरने बहुसंख्य प्रोटेस्टंट वस्तीच्या वेस्ट व्हर्जिनियात विजय मिळवला, तोही मुख्यतः पुढाऱ्यांच्या मनातली धर्माविषयीची धास्ती दूर करण्यासाठी कामी आला. १९६८ साली मात्र ही पद्धत मोडकळीस आली. मिनेसोटाच्या युद्धविरोधी सिनेटरने न्यू हॅम्पशायरमध्ये ४२ टक्के मते घेतली, मार्चच्या अखेरीस अध्यक्षांनी माघार घेतली, आणि शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती एकही प्रायमरी न लढलेल्या उपाध्यक्षांना. सभागृहाबाहेर रस्त्यावर लाठीमार होत होता. त्या संतापातून डेमोक्रॅटिक पक्षाने नेमलेल्या आयोगाने डेलिगेट निवडीचे नियम खुले केले. आयोगाचे पहिले अध्यक्ष साउथ डकोटाचे सिनेटर होते आणि १९७२ ची उमेदवारी त्यांनाच मिळाली. नियम कोणाला आधी कळतात यावर बरेच काही ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ५० पैकी ४९ राज्ये गमावली, आणि पुढाऱ्यांना पुन्हा आपला वाटा हवासा वाटू लागला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, कोणत्याही मतदारांशी न बांधलेले असे पक्षाचे खासदार, गव्हर्नर आणि पदाधिकारी अधिवेशनात मतदार म्हणून आले. त्यांनाच सुपरडेलिगेट म्हणतात.

आजच्या हिशेबाचे खरे रूप समजून घ्यायचे तर २००८ चे डेमोक्रॅटिक वर्ष बारकाईने पाहावे लागते. इलिनॉयचे सिनेटर (बराक ओबामा) जानेवारी २००५ मध्ये सिनेटमध्ये आले आणि १० फेब्रुवारी २००७ रोजी स्प्रिंगफील्डच्या कडाक्याच्या थंडीत त्यांनी उमेदवारी जाहीर केली, म्हणजे अनुभव जेमतेम दोन वर्षांचा. समोर न्यूयॉर्कच्या सिनेटर (हिलरी क्लिंटन) होत्या, ज्यांच्याकडे नाव, पैसा आणि सुपरडेलिगेट तिन्ही होते. मात्र त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती : ऑक्टोबर २००२ मध्ये इराक युद्धाच्या अधिकारासाठी सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ असे मतदान झाले, त्यात त्यांचे मत बाजूने होते. इलिनॉयचे सिनेटर तेव्हा फक्त राज्याच्या विधिमंडळात असल्यामुळे त्यांच्यावर मत देण्याची वेळच आली नव्हती; त्यांनी शिकागोत युद्धाविरुद्ध भाषण केले होते. सिनेटमध्ये जितकी वर्षे जास्त, तितकी नोंदलेली मते जास्त, आणि प्रतिस्पर्ध्याला त्यातले एखादे मत पुरते. २००४ च्या उमेदवाराला इराकसाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या खर्चावर दिलेल्या दोन उलटसुलट मतांचा खुलासा करता करता वर्ष गेले होते.

तरीही २००८ ची लढत युद्धाच्या मतावर एकट्यावर निकाली लागली नाही. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात, १५ टक्क्यांखाली असणाऱ्याला काही मिळत नाही, आणि वाटपाचा मोठा भाग मतदारसंघनिहाय होतो. ज्या मतदारसंघात ४ डेलिगेट आहेत तिथे ५५ टक्के मिळवणाऱ्यालाही २ आणि ४५ टक्क्यांवर राहणाऱ्यालाही २. जिथे ५ आहेत तिथे मात्र ५१ टक्क्यांनाही तिसरा डेलिगेट मिळतो. त्यामुळे विषम संख्येच्या मतदारसंघात घालवलेला एक दिवस सम संख्येच्या ठिकाणी घालवलेल्या आठवड्याहून मोलाचा ठरू शकतो. नेवाडात न्यूयॉर्कच्या सिनेटर राज्यभराच्या मोजणीत पुढे राहिल्या आणि डेलिगेट मात्र १३ विरुद्ध १२ असे इलिनॉयच्या बाजूने गेले. ५ फेब्रुवारीला याहून ठळक प्रकार घडला. न्यू जर्सीत ११ लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले, न्यूयॉर्कच्या सिनेटर दहा टक्क्यांनी जिंकल्या आणि त्यांना ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ डेलिगेटांची आघाडी मिळाली. त्याच दिवशी आयडाहोत कॉकसला (पक्षसमर्थकांनी एकत्र जमून उमेदवाराला पसंती देण्याच्या सभांना) जेमतेम २१ हजारांच्या आसपास लोक जमले, आणि तिथून इलिनॉयचे सिनेटर १५ विरुद्ध ३, म्हणजे १२ डेलिगेटांची आघाडी घेऊन बाहेर पडले. आयडाहोत नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट जिंकण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच; तिथे कार्यालय उघडणे प्रतिस्पर्ध्याला अनावश्यक वाटले असावे. टेक्सासमध्येही पुढे प्रायमरी एकीने जिंकली आणि त्याच रात्रीच्या कॉकसमुळे एकूण डेलिगेट दुसऱ्याचे जास्त भरले.

याच वर्षीच्या मिशिगन आणि फ्लोरिडाच्या वादाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे मला वाटते. पक्षाचा नियम होता की आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना वगळता कोणत्याही राज्याने ५ फेब्रुवारीपूर्वी मतदान घेऊ नये. फ्लोरिडाने २९ जानेवारी ठरवली (हा निर्णय रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाचा होता, हे विसरू नये) आणि मिशिगनने १५ जानेवारी. नियमात अशा उल्लंघनासाठी निम्मे डेलिगेट कमी करण्याची तरतूद होती. पक्षाच्या नियम समितीने पुढे जाऊन दोन्ही राज्यांचे सगळेच डेलिगेट काढून घेतले. उमेदवारांनी तिथे प्रचार न करण्याचे वचन दिले. इलिनॉयच्या सिनेटरांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून आपले नावही मागे घेतले, न्यूयॉर्कच्या सिनेटरांनी ते राहू दिले. मतदान झाले तेव्हा त्यांना ५५ टक्के मते पडली आणि सुमारे ४० टक्के लोकांनी 'कोणाशीही बांधील नाही' या रकान्यावर खूण केली.

लढत जूनपर्यंत ताणली गेली आणि हे सगळे पुन्हा टेबलावर आले. ३१ मे २००८ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात समितीची दिवसभर बैठक झाली. बाहेर घोषणा, आत प्रेक्षकांतून मधूनमधून ओरडा. फ्लोरिडाचा प्रश्न एकमताने सुटला : झालेल्या मतदानाप्रमाणे वाटप, प्रत्येक डेलिगेटाला अर्धे मत. मिशिगनचा निर्णय १९ विरुद्ध ८ असा झाला. मतदानाप्रमाणे विभागणी ७३ विरुद्ध ५५ होत होती, आणि ते ५५ कोणाचेही नव्हते. इलिनॉयच्या बाजूचे म्हणणे होते की ६४-६४ करा. राज्यातल्या पक्षाने मधला आकडा सुचवला, ६९ विरुद्ध ५९, आणि समितीने तोच अर्ध्या मतासह स्वीकारला. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीचा आणि न मोजलेल्या, हाताने नाव लिहिलेल्या मतपत्रिकांचा आधार त्यासाठी दिला गेला.

अर्ध्या मताची शिक्षा नियमात होती आणि ती योग्यच होती. पण बांधील नसलेली सगळी मते एका उमेदवाराच्या खात्यात टाकणे, आणि शिवाय ज्या चार जागा मतदारांनी दुसरीला दिल्या होत्या त्या उचलून त्याला देणे, याचे समर्थन कोणत्याही मोजणीतून होत नाही. पाहणीवरून डेलिगेट वाटायचे असतील तर मतपेटीची गरज काय, हा त्या बैठकीत विचारला गेलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे. दुसरी बाजूही नोंदवायला हवी : नियम पाळून नाव मागे घेणाऱ्याला शून्य द्यायचे, तर नियम पाळणे हाच तोटा ठरतो. अंतिम निकाल या चार जागांनी बदलला नसता, कारण दोघांमधले अंतर शंभराहून जास्त होते. बहुमताचा आकडा त्या दिवशी २,०२५ वरून २,११८ झाला आणि ३ जूनला मोंटाना व साउथ डकोटाच्या मतदानाच्या रात्री इलिनॉयचे सिनेटर तो ओलांडून गेले. ऑगस्टमध्ये, डेन्व्हरच्या अधिवेशनाच्या तोंडावर, दोन्ही राज्यांना पूर्ण मते परत देण्यात आली. म्हणजे जी शिक्षा योग्य होती तीही उरली नाही. पुढच्या वेळी वेळापत्रक मोडू पाहणाऱ्या राज्यांनी यातून काय घेतले असेल, हे उघड आहे.

त्यानंतरचे बदल याच हिशेबातले आहेत. २०१६ साली व्हरमाँटच्या सिनेटरने न्यू हॅम्पशायर ६० विरुद्ध ३८ असे जिंकले, तरी सुपरडेलिगेट धरून केलेल्या मोजणीत त्याची आघाडी दिसेनाशी झाली. तक्रार इतकी वाढली की २०१८ मध्ये पक्षाने सुपरडेलिगेटांना चुरशीच्या पहिल्या मतफेरीतून बाहेर ठेवले. २०२० साली अर्धा डझनाहून अधिक सिनेटर रिंगणात होते. कॅलिफोर्नियाच्या सिनेटरने जानेवारी २०१९ मध्ये ओकलंडला प्रचंड सभा घेतली आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला, एकही मत पडण्यापूर्वी, माघार घेतली. मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटर स्वतःच्या राज्यात तिसऱ्या आल्या. उमेदवारी मिळाली ती माजी उपाध्यक्षांना, आणि तीही २९ फेब्रुवारीच्या साउथ कॅरोलायनानंतर तीन दिवसांत चित्र पालटल्यावर. पुढे २०२४ साठी पक्षाने त्याच साउथ कॅरोलायनाला पहिला क्रमांक दिला. न्यू हॅम्पशायरने तो मानला नाही आणि २३ जानेवारीला आपले मतदान घेतलेच.

सिनेटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी गव्हर्नर किंवा माजी उपाध्यक्षाला सहसा आड येत नाही : त्याची सिनेटची मुदत त्याच वर्षी संपते का, आणि त्याच्या राज्याचा कायदा एका मतपत्रिकेवर एकाच माणसाचे नाव दोन पदांसाठी छापू देतो का. टेक्सासने १९६० च्या निवडणुकीआधी आपल्या सिनेटरसाठी कायदा बदलला. केंटकीत तसा बदल होऊ शकला नाही, म्हणून २०१६ साली रिपब्लिकन पक्षाने आपल्या सिनेटरच्या सोयीसाठी अध्यक्षपदाची प्रायमरी सोडून ५ मार्चला स्वतंत्र कॉकस ठेवला, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भार त्या सिनेटरने उचलायचे कबूल केले. आयोवात त्याला फारशी मते मिळाली नाहीत. ३ फेब्रुवारीला तो स्पर्धेतून बाहेर पडला आणि कॉकस ठरल्या दिवशी त्याच्याविना पार पडला.