एकच सेल बदलून का देत नाही : लिथियम बॅटरी वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"तिनांतला एकच सेल गेला आहे, तेवढा बदलून द्या, बाकीचे दोन चांगले आहेत," असे सांगत होडीवरच्या दिव्याची किंवा फवारणी पंपाची बॅटरी टेबलावर ठेवणारे ग्राहक आमच्याकडे जवळजवळ रोज येतात, आणि आम्ही नकार दिला की तिन्ही सेल खपवायचे म्हणून दुकानदार अडून बसला आहे, असा त्यांचा समज होतो. हंगामाच्या गर्दीत हे प्रत्येकाला उभ्या उभ्या समजावता येत नाही, म्हणून हे पत्रक. आपल्याकडे विजेरीलाच 'बॅटरी' म्हणण्याची पद्धत आहे. या पत्रकात मात्र बॅटरी म्हणजे सेल जोडून केलेला संच, आणि सेल म्हणजे त्यातले एक नळकांडे.

नेहमीचा सेल १८६५० या क्रमांकाचा असतो. तो क्रमांक म्हणजे मापच आहे : १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. पूर्ण भरला की त्याचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट होतो आणि साधारण २.५ ते ३ व्होल्टच्या खाली तो उतरू द्यायचा नसतो. असे तीन सेल एकापुढे एक जोडले की पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टची होते. तिन्ही सेलमधून प्रवाह एकच वाहतो; दमलेल्या सेलला त्यातून बाजूला होता येत नाही.

आता दोन वर्षे वापरलेल्या दोन सेलांच्या जोडीला एक नवा कोरा सेल बसवला असे समजा. जुन्यांची साठवणक्षमता घटलेली असल्यामुळे ते आधी रिकामे होतात, नवा मात्र अजून जोर लावतच असतो. बॅटरीत संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, असेल तर ते बॅटरी बंद पाडते, आणि नव्या सेलमध्ये वीज शिल्लक असताना दिवा मधेच विझतो. ज्या विजेरीत दोन सेल नुसतेच ओळीने टाकलेले असतात, तिथे अडवणारे कोणी नसते. तिथे जुना सेल मर्यादेखाली ओढला जातो, कधी त्याची धन-ऋण बाजूही उलटते, आणि आतल्या तांब्याच्या पत्र्यातील तांबे द्रावात विरघळू लागते. पुढच्या चार्जिंगला ते तांबे नको तिथे साचून सेल आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. महिन्याभराने ग्राहक परत येतात ते "तुमचा नवा सेल खराब निघाला" अशी तक्रार घेऊन. आम्ही तो सेल तपासतो तेव्हा तो बहुधा ठणठणीत असतो, आणि त्या तपासणीत आमचा नि ग्राहकाचा एक दिवस जातो. पंपाच्या मोठ्या बॅटरीत एकेका सेलऐवजी सेलांचे गट असतात, पण नियम हाच.

संच बांधताना आम्ही प्रत्येक सेल पूर्ण भरून आणि पूर्ण उतरवून त्याची क्षमता मोजतो, आतला रोध पाहतो आणि जवळपास सारखे भरणारे सेलच एकत्र घेतो. सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे क्षणभर ठिपक्यापुरती उष्णता देऊन, बसवतो. घरी सोल्डरिंग आयर्न लावून सोल्डर केलेले सेल आम्ही दुरुस्तीला घेत नाही, कारण ती उष्णता टोकाच्या प्लास्टिक सीलपर्यंत पोहोचलेली असते आणि ते नुकसान वरून दिसत नाही. "उद्या या" असे आम्ही सांगतो ते या मोजणीसाठी.

स्थानिक बनावटीची बॅटरी मिळेल का, असेही बरेच जण विचारतात. मिळेल, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. सेल आमच्या दुकानात तयार होत नाहीत, ते बाहेरून येतात. जुळणी, वेल्डिंग, बीएमएस आणि वरचे आवरण हे काम आमचे, आणि त्याची जबाबदारीही आमची. संच बिघडला तर उघडून पाहायला माणूस इथेच आहे. बाहेरून तयार बॅटरी घेणार असाल, तर तिच्यावर आयएस १६०४६ हे भारतीय मानक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, एवढे तरी पाहावे. ज्या १८६५० सेलवर ९९०० एमएएच (हे साठवणक्षमतेचे माप) छापले आहे तो हातात घेऊ नये. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असते आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम भरते. आकडा तिप्पट आणि वजन हलके असेल तर आत काय असेल, हे सांगायला नको. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांतून काढलेल्या सेलांवर नवे आवरण चढवून विकण्याचा धंदाही जोरात आहे.

अलीकडे पर्यटनाच्या दिवसांत काही तरुण व्हेपसाठी, म्हणजे ई-सिगारेटसाठी, सेल आणि इतर सामान मागतात. ई-सिगारेट २०१९ च्या कायद्याने देशभर बंद आहे, आणि ती पूर्ण वस्तू म्हणून किंवा तिचा भाग म्हणून विकण्यालाही त्यात मनाई आहे. म्हणून त्या कामासाठी आम्ही काहीही देत नाही. घासाघीस करू नये. शिवाय व्हेपमधल्या ०.२ ओहमच्या तापणाऱ्या कॉइलला भरलेला सेल लावला तर २१ अँपिअर प्रवाह ओढला जातो, आणि जास्त क्षमतेच्या बऱ्याच सेलांना त्याच्या निम्माही झेपत नाही. तोंडाजवळ धरायच्या वस्तूत ही जोखीम कायदा नसता तरी आम्ही घेतली नसती.

सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवू नये, हे बहुतेकांना माहीत असते. त्याचे कारण मात्र थोड्यांनीच पाहिलेले असते. सेलचा संपूर्ण डबा ऋण असतो, अगदी वरच्या कडेपर्यंत. मधल्या धन टोकापासून ती कड जेमतेम काही मिलिमीटरवर असते, आणि दोहोंमध्ये असते ते कागदी कडे आणि नखाने फाटेल इतके पातळ आवरण. वरच्या कडेशी आवरणाला चीर पडली असेल तर तो सेल विजेरीत किंवा चार्जरमध्ये घालू नये, आमच्याकडे आणावा. सेल धड असेल तर नवे आवरण आणि कडे आम्ही समोरच बसवून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

आपल्या खाऱ्या हवेत विजेरीच्या स्प्रिंगवर गंज किंवा हिरवा कळंक चढतो. तो कोरड्या कापडाने पुसावा. खोबरेल लावू नये. सेल समुद्राच्या पाण्यात पडला असेल तर वरून कोरडा दिसला तरी तो चार्ज करू नये आणि कातळावर उन्हात वाळतही घालू नये. फुगलेले किंवा निकामी सेल चुलीत, खाडीत वा ओल्या कचऱ्यात न टाकता दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून आमच्याकडे द्यावेत. आम्ही ते पुनर्वापरासाठी पाठवतो.

दुरुस्तीला येताना बॅटरी न उघडता आणि चार्जरसह आणावी, कारण अर्धे दोष चार्जरमध्येच निघतात. चढणीच्या (पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणाऱ्या) माशांसाठी विजेऱ्या तयार करून घ्यायच्या असतील तर मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत द्याव्यात; मृगाच्या तोंडावर आलेल्या संचाची मोजणी एका दिवसात होत नाही.