लंघनानंतरचे मूग

गोव्यात ताप उतरला की आधी पेज, आणि तोंडाला थोडी चव आली की मुगाचं पाणी. हा क्रम घरात कुणी शिकवत नाही, तो चालत आलेला असतो. किती जुना, याचा एक लेखी पुरावा गोव्यातच छापला गेला आहे.

१५३४ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने इथल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपात ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापून निघाला. त्यातल्या एका संवादात मुगाची चर्चा आहे. गुजरात आणि दख्खनचे लोक तापकऱ्याला आधी बरेच दिवस लंघन घालतात, मग मूग उकळलेलं पाणी देतात, नंतर साल काढलेले मूग भातासारखे शिजवून देतात आणि गव्हाची भाकरी फार उशिरा, असं तो लिहितो. (याच ओर्ताच्या अस्थी मरणानंतर इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, उकरून जाळल्या. आज पणजीच्या चर्चसमोरची बाग त्याच्या नावाने आहे.)

ओर्ताला दिसलेली रीत तेव्हाच पुरातन होती. यजुर्वेदातल्या धान्यांच्या यादीत मूग आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शेंगांच्या धान्यांत सर्वांत पथ्यकर मूग आणि सर्वांत अपथ्यकर उडीद, असा निवाडा आहे. वमन-विरेचनानंतर (उलटी-जुलाब देऊन पोट साफ केल्यावर) पेया म्हणजे पातळ पेज, विलेपी म्हणजे दाट पेज, मग यूष म्हणजे कढण, हा चढता आहारही तिथलाच. त्यातलं यूष म्हणजे बहुधा मुगाचंच.

पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने गंमत केली. १७६७ मध्ये त्याने ‘मुंगो’ हे नाव उडदाला चिकटवलं, ते उडदाच्या ‘विग्ना मुंगो’ या शास्त्रीय नावात अजून टिकून आहे. मूग मात्र ‘विग्ना रेडिएटा’. चरकाने ज्यांना दोन टोकांना बसवलं, त्यांच्या नावांची अशी सरमिसळ झाली.

आजच्या मोजमापात कोरड्या मुगाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं आणि १६ ग्रॅम तंतू असतात, शिवाय भरपूर फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व. पोटात वारा धरणाऱ्या शर्करा मोड आल्यावर कमी होतात आणि कोरड्या दाण्यात नगण्य असलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. प्रथिनांतला लायसिन हा घटक मुगात भरपूर, तांदळात कमी. म्हणून पेजेबरोबर मूग ही जोडी जमते.

सणासमारंभाच्या मुगागाठीसाठी, म्हणजे मोडाच्या मुगांच्या गोव्यातल्या भाजीसाठी, मोड आलेले मूग पाण्यात चोळून साली वर काढतात. पचायला हलके होतात खरे, पण बराचसा तंतू आणि व्हायटेक्सिनसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्यं सालींबरोबरच जातात. तापातून उठलेल्याला सोललेलेच बरे. मधुमेहीला मात्र सालासकट, आणि कढणात गूळ न घालता. कच्चे मोड खाण्याची अलीकडची हौस आजाऱ्याने करू नये. मोड येतात त्या दमट उबेत जंतूही वाढतात. आपल्याकडे मोड बहुतेक शिजवूनच खात आले आहेत.