कोल्हापूरच्या पुराचा अंदाज कोकणच्या रकान्यात

जून ते सप्टेंबर या काळात बहुतेक कोल्हापूरकर मोबाइलवर शहराचं नाव टाकून सात दिवसांचे ढग बघतात. छत्री घ्यायची की नाही, एवढंच ठरवायचं असेल तर तेवढं पुरतं. पण पंचगंगा पात्राबाहेर पडणार का, बंधारे पाण्याखाली जाणार का, नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत जनावरं कधी हलवायची, याचं उत्तर त्या ओळीत सापडत नाही. त्यासाठी रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरचा घाटमाथा या ओळी वाचाव्या लागतात.

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. रस्त्याने जेमतेम ५५ किलोमीटरवर असलेल्या गगनबावड्यात त्याच्या कितीतरी पट पडतो. गगनबावडा रस्त्याने पावसाळ्यात प्रवास करणाऱ्याला आकडे सांगावे लागत नाहीत. बालिंग्यापर्यंत रिपरिप, कळ्याच्या पुढे झड आणि घाटाच्या तोंडाशी समोरची गाडी दिसत नाही.

याचं कारण वाऱ्यात आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरात वाहतो. वाटेतल्या समुद्राची वाफ त्याने उचललेली असते. किनाऱ्यावर ही हवा इतकी दमट असते की तिला थोडं वर ढकललं तरी ढग बनतो. सह्याद्री नेमकं तेच करतो. कोकणातून भिंतीसारखा उभा असल्यामुळे तो या हवेला काही किलोमीटरच्या आत वर चढायला लावतो. वर गेलेली हवा प्रसरण पावते, थंड होते आणि वाफेचं पाणी होतं. त्यातले सगळे थेंब लगेच खाली पडत नाहीत. ते जमिनीवर येईपर्यंत वारा त्यांना काही किलोमीटर पूर्वेला नेतो, म्हणून माथ्याच्या अलीकडचा पट्टाही चिंब होतो. पुढे हवा थोडी उतरते, गरम होते आणि ढग विरायला लागतात. शहरापर्यंत बरंचसं पाणी आधीच गळून गेलेलं असतं. त्याहून पूर्वेला, शिरोळकडे तर आणखी कमी उरतं.

पंचगंगेच्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या पश्चिमेच्या या ओल्या पट्ट्यातूनच पाणी आणतात. १ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते १० कोटी लिटर पाणी होतं, आणि या नद्यांचं पाणलोट क्षेत्र शेकडो चौरस किलोमीटरचं आहे. शहरात दिवसभर ऊन पडूनही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढत राहतं, ते यामुळे. तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. पश्चिमेचा पाऊस मात्र तितक्या आस्थेने पाहिला जात नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. बंधाऱ्यावरचा आकडा पडून गेलेल्या पावसाचा असतो, अंदाज येणाऱ्या पावसाचा.

हा पाऊस आठवडाभर आधी कसा कळतो? पहिली खूण किनाऱ्यावर असते. गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा लांबट पट्टा तयार झाला की कोकणात आणि घाटात पावसाचा जोर वाढतो. दुसरी खूण बंगालच्या उपसागरात सापडते. तिथलं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असं सरकत जातं, तेव्हा त्याच्या दक्षिणेला पश्चिमेचे वारे जोर धरतात आणि सह्याद्रीवर आदळणारी वाफ वाढते. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्याच दिवसांत, ७ ऑगस्टला, उपसागरातलं एक तीव्र कमी दाबाचं क्षेत्र उत्तर ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरलं होतं. ओडिशाची बातमी कोल्हापुरात लक्ष देऊन ऐकावी, ती यासाठी.

हवामान विभागाचे शब्द मोजून ठरवलेले असतात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'मुसळधार', ११५.६ पासून 'अतिमुसळधार', २०४.५ पासून त्याहून वरची पायरी. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. म्हणून 'घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी अतिमुसळधार' असा इशारा असताना शहर कोरडं राहिलं, तर अंदाज चुकला असं होत नाही. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग ठरवताना पावसाची शक्यता आणि त्याने होणारं नुकसान, दोन्ही धरलेली असतात. आणखी एक बारीक गोष्ट. पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा मोजतात. सोमवारी रात्री झोडपलेलं पाणी मंगळवारच्या आकड्यात येतं.

अंदाजाचं गणित मांडणारं संगणकाचं प्रारूप पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातल्या हवेचा हिशोब करतं. १२ किलोमीटरचा चौकोन घेतला तर गगनबावडा ते कोल्हापूर हे अंतर चार-पाच चौकोनांत संपतं, आणि घाटाचा कडा त्यात पसरट होऊन जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. सह्याद्रीसाठी हा फरक मोठा आहे.

तरीही सातव्या दिवसाचा आकडा पहिल्या दिवसासारखा वाचू नये. सुरुवातीच्या मोजमापातली किंचित उणीव दिवसागणिक वाढते. म्हणून तेच प्रारूप सुरुवात थोडी बदलून अनेकदा चालवतात. बहुतेक उत्तरं जुळली तर भरवसा जास्त, फाकली तर कमी. पहिल्या तीन दिवसांत घाटाचे मिलिमीटर पाहावेत. पाचव्या-सहाव्या दिवसासाठी पाऊस वाढतोय की उघडीप येतेय, एवढाच कल घ्यावा. त्यापुढचा चार आठवड्यांचा कल हवामान विभाग दर गुरुवारी देतो. आपले शेतकरी तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांचा पाऊस, मोजतात, तेही दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यानेच.

वळवाला मात्र हे सगळं लागू नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलेल्या जमिनीवर उठणारा एकेक ढग आठवडा आधी सांगता येत नाही. तिथे काही तास आधीचा रडारचा इशाराच उपयोगी पडतो.

पुराच्या दिवसांत गावागावांच्या ग्रुपवर बंधाऱ्याच्या पातळीचे संदेश तासातासाला फिरतात. त्यासोबत रोज सकाळी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी इथला पाऊस आणि घाटमाथ्याचा पुढच्या तीन दिवसांचा इशाराही जायला हवा. पाणी अजून डोंगरात असताना तो हातात आला, तर गोठा मोकळा करायला दिवसाचा उजेड मिळतो.