लॅपटॉप बंद पडला की ‘विंडो टाकून देतो’ का म्हणतात

जुलैत पीक विम्याची गर्दी ऐन भरात असताना आमच्या सेलूच्या दुकानातला लॅपटॉप दिवसातनं चार-पाच वेळा बंद पडायला लागला. आधी माउस अडकायचा, गोल चक्कर फिरत बसायचं, मिनिट-दीड मिनिट काहीच नाही अन् मग निळी स्क्रीन. बाहेर माणसं सातबारा हातात घेऊन उभी. दुरुस्तीवाल्याकडं नेला तर त्यानं मागचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, “भाऊ, विंडो उडालीय, टाकून देतो.” विंडो म्हणजे विंडोज. दिली टाकून. अठरा दिवस नीट चालला, परत तेच. परत विंडो. तिसऱ्यांदा मी स्वतःच बसलो तेव्हा कळलं की विंडोचा काहीच दोष नव्हता, आतली हार्डडिस्क मरायला टेकली होती.

तेव्हापासून डोक्यात एकच, हे फॉरमॅटचं, म्हणजे डिस्क पुसून विंडो नव्यानं टाकायचं, औषध आलं कुठून? सगळेच देतात म्हणजे कधीतरी लागू पडत असणार. अन् खरंच पडायचं.

आयबीएमची पहिली हार्डडिस्क १९५६ ची, टनाच्या वर वजन अन् जागा साधारण ५ एमबी, म्हणजे आजचे दोन फोटो. ते सोडून देऊ. घरगुती कॉम्प्युटरची गोष्ट सुरू होते १९८० ला, सीगेटच्या एसटी-५०६ पासून, तीपण ५ एमबीचीच पण टेबलावर मावणारी. त्या काळातल्या डिस्कवर कागदाचं लेबल चिकटवलेलं असायचं अन् त्यावर चक्क खराब जागांची यादी छापलेली, अमुक हेड (वाचणारं-लिहिणारं टोक), अमुक ट्रॅक (डिस्कवरचा गोल पट्टा). लपवाछपवी नाही. डिस्क बसवणारा माणूस लो-लेव्हल फॉरमॅट करताना, म्हणजे डिस्कवर ट्रॅक आखताना, ती यादी हातानं टाइप करायचा. दुसरी गंमत म्हणजे हेड पुढंमागं सरकवायला त्यात स्टेपर मोटर असायची, ती मोजून पावलं टाकायची पण आपण नेमक्या ट्रॅकवर आलोय का हे बघायची सोय तिच्याकडं नव्हती. उष्णतेनं अन् झिजेनं हेड जरासं बाजूला सरकायचं, मग जुनं लिहिलेलं वाचता यायचं नाही. लो-लेव्हल फॉरमॅट मारला की हेड आता जिथं आहे तिथंच नवे ट्रॅक आखले जायचे अन् डिस्क खरोखर बरी व्हायची. म्हणजे औषध अस्सल होतं.

मग १९८६ च्या आसपास आयडीई नावाची जोडणी आली, कंट्रोलर (डिस्क चालवणारं सर्किट) डिस्कच्याच पाठीवर बसला अन् सगळा खेळ बदलला. पुढं ट्रॅक आखणं कारखान्यातच व्हायला लागलं. डिस्क स्वतःकडं थोडे जादा सेक्टर (ट्रॅकचे छोटे तुकडे) राखून ठेवायला लागली, एखादा सेक्टर बिघडला की गुपचूप त्याच्या जागी राखीव सेक्टर लावायचा अन् कॉम्प्युटरला पत्ता लागू द्यायचा नाही. आपण आता जो फॉरमॅट मारतो तो जुना फॉरमॅट नव्हेच. क्विक फॉरमॅट म्हणजे पडक्या घराच्या दारावर नवी पाटी, भिंतींना कुणी हात लावत नाही.

तरी आमचा लॅपटॉप अठरा दिवस कसा चालला? जो सेक्टर वाचता येत नाही त्याला डिस्क ‘पेंडिंग’ म्हणून बाजूला नोंदवते, लगेच बदलत नाही, कारण आतला डेटा कदाचित पुढच्या खेपेला वाचता येईल. त्यावर नवीन काही लिहायला गेलं की मगच निकाल लागतो, एकतर तो नीट लिहिला जातो नाहीतर त्याच्या जागी राखीव सेक्टर येतो. नवी विंडो टाकताना काही पेंडिंग सेक्टरांवर असं नवं लिहिलं जातं, फायली दुसऱ्या जागी पडतात, अन् वाटतं झालं दुरुस्त. खराबी पसरत असली तर पसरतच राहते.

डिस्क स्वतःची दुखणी लपवायला लागली म्हटल्यावर आत डोकावायची खिडकी लागणारच होती. १९९२ मध्ये आयबीएमनं आपल्या एएस/४०० मशीनच्या डिस्कमध्ये बिघाडाची आगाऊ सूचना देणारी सोय आणली, १९९५ मध्ये कॉम्पॅकनं डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांना धरून तशीच इंटेलिसेफ नावाची सोय काढली, अन् त्यातनंच पुढं ‘स्मार्ट’ नावाचं मानक झालं. म्हणजे आज आपल्या लॅपटॉपातली डिस्क किती तास चालली, किती सेक्टर बदलले, किती पेंडिंग आहेत ही रोजनिशी आपली आपण लिहीत असते. विंडो टाकणाऱ्यानं ती उघडायची तेवढी बाकी.

ही रोजनिशी दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्राम मी उघडला तर पिवळा रंग, म्हणजे धोक्याचा इशारा, अन् पेंडिंग सेक्टरांच्या १९७ नंबरच्या (तिथं सी५ लिहिलेल्या) ओळीत शेवटी ६८. मला वाटलं अडुसष्टच. नंतर लक्षात आलं की तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, आहे, म्हणजे १०४ सेक्टर पेंडिंग. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या नोंदवहीत ‘डिस्क’च्या नावावर ७ नंबरची लाल नोंद, बॅड ब्लॉकची, एका दुपारी ओळीनं नऊ वेळा. निळ्या स्क्रीनवर दर वेळी ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ यायचं, ते कुणी लिहूनच घेतलं नव्हतं. त्याचा अर्थ साधा आहे, विंडोजला मेमरीत आणायचं होतं ते डिस्कवरनं आलंच नाही. एरर केबलमुळं किंवा रॅममुळंही येते, पण सोबत ७ नंबरची नोंद अन् पेंडिंग आकडा असला की संशय एकाच ठिकाणी जातो. अन् ते मिनिटभराचं अडकणं? डिस्क तोच सेक्टर परत परत वाचायचा प्रयत्न करत असते, विंडोज बिचारं वाट बघत उभं.

पण या रोजनिशीवरही डोळे झाकून विसंबू नये. २००७ मध्ये गूगलच्या लोकांनी आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कचा हिशोब मांडला. पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःला तपासताना सापडलेली चूक) आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरायची शक्यता ३९ पट वाढते असं निघालं, हे एक. दुसरं म्हणजे मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे पिवळं दिसलं तर खरं माना, त्या प्रोग्राममध्ये निळं, म्हणजे ‘ठीक’, दिसलं तर निवांत होऊ नका.

आमच्याकडं आणखी एक भर. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते, चार्जरवर डायरेक्ट चालवतात, लाइट गेली की खट्टकन बंद. चालू डिस्कचं हेड घाईघाईत जागेवर जातं, हे रोज दोन-तीनदा. वरनं परभणीचा मे महिना.

हार्डडिस्कऐवजी बसवतात त्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तोशिबातल्या फुजिओ मासुओकांनी १९८७ ला मांडलेल्या नँड फ्लॅश नावाच्या चिपमधल्या मेमरीवर ती चालते, पण तिचे सेल लिहून लिहून झिजतात अन् टकटक आवाज करून सांगायची सवय तिला नाही. काही शेवटी नुसती वाचू देतात, काही एका सकाळी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या प्रोग्राममध्ये) दिसतच नाहीत.

आता लॅपटॉपात नवी एसएसडी आहे. जुनी डिस्क काढून डीडीरेस्क्यूला, म्हणजे खराब डिस्कवरचा डेटा काढणाऱ्या प्रोग्रामला, लावलीय, ते आधी चांगला भाग उचलतं अन् वाकडे सेक्टर शेवटी घेतं. २०१९ च्या शेतकऱ्यांच्या पावत्यांचं फोल्डर सगळं आलं. बहिणीच्या लग्नाच्या फोटोंपैकी हळदीचे अजून यायचेत, रात्री दहानंतर जरा गार झालं की परत चालू करतो.