पाऊस उघडला, तरी सायकल का देत नाही?

भाड्याने एमटीबी (डोंगरवाटांची, जाड टायरची सायकल) नेणाऱ्यांसाठी आणि स्वतःची सायकल आमच्याकडे दुरुस्तीला आणणाऱ्यांसाठी

जून लागला की आमच्या नाशिकच्या दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. रात्रभर पडून पाऊस उघडलेला असतो, सकाळी स्वच्छ ऊन असते, चार मित्रांनी मुश्किलीने एकच सुट्टी जुळवलेली असते, आणि आम्ही म्हणतो, "आज नांदूर मध्यमेश्वरकडे नको, त्र्यंबकच्या बाजूला जा." त्यावर ठरलेले उत्तर येते, "अहो, पण पाऊस तर तिकडेच जास्त!"

पाऊस तिकडे जास्त आहे हे खरेच. इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, निफाड-सिन्नरकडे त्याचा चौथा हिस्साही नाही. तरी पावसाळ्यात सायकल चालते ती पश्चिमेकडे, त्र्यंबक-इगतपुरीला, आणि अडकते ती पूर्वेकडे, निफाड-नांदूर मध्यमेश्वरला. पाऊस किती पडला यापेक्षा तो कशावर पडला हे आम्ही आधी बघतो.

आपला सगळा जिल्हा लाव्हाच्या दगडावर बसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर येऊन पसरत गेला, एकावर एक थर साचले आणि दख्खनचे पठार झाले. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर किंवा चांदवडचे डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळेच. टणक थराचा कडा उभा राहतो आणि ठिसूळ थर झिजून उतार होतो. टणक दगड किती टणक, ते बघायचे तर पांडवलेणीला जा. सातवाहन काळात कोरलेले शिलालेख आजही वाचता येतात. ठिसूळ थराची गोष्ट वेगळी. त्यात लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. वाटेत चमकणारे असे खडे दिसले तर ते झिओलाइट. त्यांचे देखणे नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आहेत, सायकलवर जाण्यासारखे ठिकाण आहे. हा थर कुजला की मुरूम होतो.

मुरमातून पाणी खाली निघून जाते. पाऊस थांबल्यावर काही तासांत उतारावरची मुरमाड वाट चाकाखाली करकर वाजू लागते. तोच दगड आणखी बारीक होऊन, वाहून सखल भागात साचला की त्याची काळी माती होते. गोदावरी-कादवेच्या काठाची, द्राक्षाला आणि कांद्याला मानवणारी हीच माती. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या पाणी गेल्यामुळेच. वरून वाळलेली दिसली तरी बोटभर खाली ती ओलीच असते. म्हणून काळ्या मातीच्या वाटेसाठी पाऊस उघडल्यावर किमान दोन कोरडे दिवस थांबा, असे आम्ही सांगतो. डिसेंबरात अवकाळी पडला आणि पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वरला जायचे असले, तरी नियम तोच.

एक चूक, जिच्यात आमचा आणि तुमचा आठवडा जातो

मातीत अडकण्याने सायकल बिघडत नाही. अडकल्यावर पेडल मारत राहण्याने बिघडते.

होते असे. काळ्या मातीत शिरल्यावर पहिल्या पन्नास-शंभर फुटांतच टायरवर माती चढते आणि चाक फ्रेमला घासू लागते. ती चेनवर येते, चेनबरोबर डिरेलरच्या (मागच्या चाकाजवळ गिअर बदलणाऱ्या भागाच्या) दोन छोट्या चाकांत जाते. चेन दात सोडून टकटक उडू लागते. ही पहिली सूचना. मग पेडल एकदम जड होते. ही दुसरी, आणि शेवटची. इथे माणूस उभा राहून जोर लावतो. चेन पुढे सरकू शकत नाही, म्हणून ती डिरेलरलाच ओढून वर आणि मागे नेते. कट् असा आवाज होतो. डिरेलर स्पोकमध्ये जाऊन बसलेला असतो.

तुटतो तो हँगर. डिरेलर फ्रेमला ज्याच्यावर टांगलेला असतो, तो बोटाच्या दोन पेरांएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो. दुखणे असे की जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. बोल्टाचे भोक, कोन, जाडी, काहीच जुळत नाही. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने सगळ्या फ्रेम-कंपन्यांना वापरता येईल असा एकाच मापाचा यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) आणला आणि नव्या, महाग सायकलींत तो येऊ लागला. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकली जुन्या पद्धतीच्या आहेत. त्यांचा हँगर मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत सायकल स्टँडवर टांगलेली राहते. जुलै-ऑगस्टमध्ये आमचा निम्मा स्टँड अशाच सायकलींनी अडतो आणि साध्या ब्रेक-गिअरच्या कामाला आलेल्या ग्राहकाला "पुढच्या आठवड्यात या" म्हणावे लागते. हे सांगताना आम्हाला मनापासून वाईट वाटते.

ही चूक नवख्यांपेक्षा मुरलेल्या सायकलपटूंकडून जास्त होते. नाशिक हे रोड सायकलिंगचे गाव. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, त्याचा अभिमान आम्हा सगळ्यांना आहे. आमचे बरेच ग्राहक रोडबाईकवरूनच एमटीबीकडे वळतात. कसाऱ्याच्या घाटात पाय जड झाले तर जोर लावायचा असतो. तीच चांगली सवय काळ्या मातीत नडते.

तेव्हा चेन टकटकली की उतरा. सायकल ढकलू नका, ढकलतानाही माती चढतच राहते. खांद्यावर घेऊन बांधाच्या गवतावर किंवा मुरमावर आणा. काडीने टायर आणि फ्रेममधली माती काढा, मग डिरेलरच्या छोट्या चाकांतली. बाटलीतले थोडे पाणी चेनवर ओता. मागचे चाक उचलून पेडल हाताने हळू फिरवा. हाताने मोकळे फिरले तरच बसा. दहा मिनिटांचे काम आहे.

माती ओली असतानाच धुणेही तितकेच महत्त्वाचे. वाळल्यावर ती विटेसारखी होते आणि खरवडताना रंग जातो. पण हायवेवरच्या सर्विसिंग सेंटरमध्ये मोटारसायकलबरोबर प्रेशरने धुऊन घेऊ नका. त्या जोराने पाणी आणि बारीक माती हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) यांच्या बेअरिंगमध्ये शिरते, आणि पंधरा दिवसांनी सायकल करकरत आमच्याकडे येते. बादली, मग्गा आणि जुना ब्रश पुरे. नंतर चेन पुसून तेल. ब्रेकच्या डिस्कवर मात्र तेलाचा थेंबही नको.

आमची पद्धत अशी का

दुसरीकडे कुठल्याही दिवशी सायकल मिळते, हे आम्ही ऐकतो. आमच्याकडे वाट विचारल्याशिवाय सायकल बाहेर जात नाही, आणि हँगर तुटला तर त्याचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात. मजुरी आम्ही लावत नाही. आज तुटलेली सायकल उद्या ज्यांनी आधीच बुक केली आहे त्यांचाही आम्हाला विचार करावा लागतो. शिवाय या वाटा शेतकऱ्यांच्या आहेत. ओल्या शेतरस्त्यावर चाकांनी पाडलेली चाकोरी वाळून दगड होते, आणि द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत त्यावरून मजूर आणि ट्रॅक्टर जातात. गिरणारे, दिंडोरीकडची माणसे आज आपल्याला पाणी विचारतात, बागेच्या कडेने जाऊ देतात. ते तसेच राहावे अशी आमची इच्छा आहे.

वाट कशी आहे ते कळत नसेल तर मूठभर माती घ्या. दाबल्यावर गोळा झाला आणि बोटाने चोळल्यावर चकाकी आली, तर परत फिरा. दाणे सुटले तर बिनधास्त जा.

त्र्यंबक-इगतपुरीकडे जाताना भाताच्या गाऱ्यात शिरू नका, गावाच्या मुरमाड वाटेवर राहा. कातळावर शेवाळ असेल तर त्यावर ब्रेक दाबू नका, वेग आधीच कमी करून सरळ पार व्हा. अंजनेरीच्या डोंगरावर सायकल नेऊ नका. तो भाग संवर्धन राखीव आहे, आणि कंदीलपुष्पाच्या कुळातली सेरोपेजिया अंजनेरिका ही अत्यंत दुर्मीळ वनस्पती तिथे उगवते. पायथ्याच्या वाटा पुरेशा सुंदर आहेत. वन विभागाच्या हद्दीत परवानगी लागेल तिथे ती घेऊनच जा.

हवेबद्दल थोडक्यात: सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरला साधारण सत्तर किलोच्या माणसाने पंचवीस पीएसआयच्या आसपास ठेवावी. रोडबाईकसारखी ठासून भरली तर मुरमावर चाक उड्या मारते. बाभळीच्या काट्यांसाठी टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारे द्रव, हवेच. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकते, म्हणून पावसाळ्याआधी एकदा तपासून घ्या. पावसाळ्यापूर्वीच्या सर्विसिंगमध्ये ही तपासणी आणि हँगर सरळ करणे आम्ही धरूनच करतो.

स्वतःची सायकल असेल तर तिचा एक जादा हँगर सीटखालच्या पिशवीत ठेवा. वजन नगण्य, किंमत डिरेलरच्या मानाने किरकोळ. कोणता लागेल हे कळण्यासाठी सायकल दुकानात आणा, किंवा मागचे चाक काढून हँगरचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि फ्रेमचे मॉडेल व वर्ष लिहून आणा. मे महिन्यात सांगितलेत तर पहिल्या पावसाआधी मागवून ठेवतो.