सिंहगडाचा घाट, मांडीचे स्नायू आणि कायन्युरेनिन

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला आणि तेव्हापासून दर वर्षी त्या सुमारास एक संदेश हमखास फिरतो : सायकल चालवा, एंडॉर्फिन वाढवा, नैराश्य पळवा. त्यातील सायकल चालवण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मन खट्टू असताना पहाटे एकट्यानेच सायकल काढावी, खडकवासल्यावरून सिंहगडाच्या घाटाला भिडावे, सर्वांत हलका गिअर टाकूनही पॅडल जेमतेम फिरावे, घाम हँडलवर टपटपत राहावा आणि गडाच्या वाहनतळावर टेकेपर्यंत आदल्या दिवशीची जळमटे बरीचशी निघून गेलेली असावीत, हा अनुभव पुण्यातील अनेक सायकलस्वारांच्या परिचयाचा आहे. तक्रार आहे ती श्रेयाच्या वाटपाबद्दल. एंडॉर्फिनच्या वाट्याला गरजेपेक्षा जास्त श्रेय गेले आहे आणि ज्याचे नाव कोणी घेत नाही तो दावेदार डोक्यात नसून मांडीत आहे.

शरीर स्वतःच तयार करत असलेली अफूसदृश द्रव्ये १९७०च्या दशकात सापडली; एंडॉर्फिन त्यांपैकीच. कष्टाच्या व्यायामानंतर रक्तातील बीटा-एंडॉर्फिन वाढते, हेही पुढे दिसून आले आणि व्यायामानंतरच्या उत्साहाचे कोडे सुटले असे सर्वांनी गृहीत धरले. परंतु बीटा-एंडॉर्फिन ही ३१ अमिनो आम्लांची साखळी असून ती रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरत नाही. मेंदूत त्याची वेगळी निर्मिती होते आणि २००८ साली जर्मनीत १० धावपटूंच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये दोन तास धावल्यानंतर अशा द्रव्यांच्या हालचालीच्या खुणा दिसल्याही. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अफूसदृश द्रव्यांचे काम रोखणारे नाल्ट्रेक्सोन हे औषध देऊनसुद्धा धावणाऱ्यांना वाटणारा आनंद तसाच राहिला. त्यामुळे आता संशयाची सुई गांजातील द्रव्यासारखे काम करणाऱ्या, मेदात विरघळणाऱ्या आणि म्हणूनच मेंदूत सहज पोहोचणाऱ्या ॲनंडामाइड या रेणूकडे वळली आहे. ट्रेडमिलवर धावताना किंवा जागच्या जागी सायकल चालवताना हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ७० ते ८० टक्क्यांवर सुमारे पाऊण तास राहिले, तर रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. अगदी रमतगमत केलेल्या किंवा अगदी जिवाच्या आकांताने केलेल्या व्यायामात ते तितकेसे वाढत नाही. एकट्याने घाट चढण्याचा फायदा मला येथे दिसतो, कारण गटात असताना आपला वेग पुढच्या सायकलस्वाराच्या पायांवर ठरतो.

तरीही ॲनंडामाइडचा प्रभाव तासा-दोन तासांचा. नियमित सायकल चालवणाऱ्याला ताण एकूणच कमी का बाधतो, याचे उत्तर त्यात मिळत नाही. त्यासाठी ट्रिप्टोफॅनच्या मागावर जावे लागते.

ट्रिप्टोफॅन हे डाळी, दूध, अंडी यांतून मिळणारे अमिनो आम्ल. मनःस्थितीशी जोडले जाणारे सेरोटोनिन त्यापासून बनते, एवढे बहुतेकांनी वाचलेले असते आणि त्यावरच ‘आनंदी आहारा’ची दुकाने चालतात. प्रत्यक्षात सेरोटोनिनच्या वाट्याला ट्रिप्टोफॅनचा किरकोळ हिस्सा येतो. विघटन होणाऱ्या ट्रिप्टोफॅनपैकी सुमारे ९५ टक्के कायन्युरेनिन या रेणूच्या मार्गाने जाते. दीर्घकाळच्या ताणात वाढणारे कॉर्टिसॉल यकृतातील एका विकराला (एन्झाइमला) चेतवते, तर शरीरातील दाह दुसऱ्या विकराला, आणि दोन्ही वाटांनी कायन्युरेनिन वाढते. मेंदूभोवतीच्या केशवाहिन्यांचा रक्त-मेंदू अडथळा हा जकात नाक्यासारखा आहे, आणि कायन्युरेनिनकडे मोठ्या अमिनो आम्लांच्या वाहकाचा परवाना असल्यामुळे ते तेथून बिनदिक्कत आत जाते. आत मायक्रोग्लिया या मेंदूच्या संरक्षक पेशी त्यापासून क्विनोलिनिक आम्ल बनवतात. हे आम्ल चेतापेशींवरील एनएमडीए नावाच्या, संदेश टिपणाऱ्या ग्राहींना अवाजवी चेतवते आणि प्रमाण वाढल्यास त्या पेशींना इजा करते. हिपॅटायटिस ‘सी’साठी पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा हे दाह वाढवणारे औषध दिले जाई तेव्हा अनेक रुग्णांना औषधाबरोबरच नैराश्य येत असे, आणि अशा रुग्णांच्या मेंदू-मज्जाद्रवात कायन्युरेनिन वाढलेले आढळले आहे.

मांडीचा संबंध येतो तो येथे. २०१४ साली स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या गटाने असे उंदीर घेतले, ज्यांच्या केवळ स्नायूंमध्ये पीजीसी-१-अल्फा-१ हे प्रथिन जास्त तयार होत होते. सहनशक्तीच्या व्यायामाने स्नायूंत हेच प्रथिन वाढते. म्हणजे व्यायाम न करताच त्यांचे स्नायू कसलेले होते. आवाज, लुकलुकणारा प्रकाश, उलटसुलट केलेले दिवसरात्र, असा आठवडेच्या आठवडे ताण दिल्यावर साधे उंदीर मलूल झाले; हे झाले नाहीत. कारण शोधता असे दिसले की, ते प्रथिन स्नायूंमध्ये कायन्युरेनिन ॲमिनोट्रान्सफरेज या गटातील विकरे वाढवते आणि ती विकरे कायन्युरेनिनचे रूपांतर कायन्युरेनिक आम्लात करतात. या आम्लाकडे मात्र नाक्याचा परवाना नाही. ते मेंदूबाहेर राहते आणि मूत्रावाटे निघून जाते. लीबिग या रसायनशास्त्रज्ञाला ते १८५३ साली कुत्र्याच्या मूत्रातच सापडले होते. संशोधकांनी पुढे दोन्ही प्रकारच्या उंदरांना थेट कायन्युरेनिनच दिले. साधे उंदीर खचले, कसलेल्या स्नायूंच्या उंदरांच्या रक्तात मात्र ते वाढलेच नाही. मला या प्रयोगाचे सर्वाधिक अप्रूप वाटते, कारण स्नायू येथे मेंदूला काही ‘देत’ नाही. मेंदूपर्यंत पोहोचू शकणारी गोष्ट तो वाटेतच संपवतो.

माणसाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा स्नायूंचा असतो आणि त्यातील सर्वांत मोठे स्नायू मांडीत व नितंबात असतात. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर आणि सिंहगडाची सुमारे १३०० मीटर. सायकलसह ८० किलो वजन हा चढ चढवण्याचे यांत्रिक काम सुमारे १४० किलोकॅलरी भरते, आणि स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम पाव असल्यामुळे प्रत्यक्षात साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी जळतात. हवेचा विरोध त्यात धरलेला नाही. एवढे काम पायाच्या स्नायूंना दुसरा कोणता नित्याचा व्यायाम क्वचितच देत असेल.

उंदराचे मलूल होणे म्हणजे माणसाचे नैराश्य नव्हे, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. २०२४ साली २१८ चाचण्या आणि १४,१७० व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. तीत व्यायामाने नैराश्याची लक्षणे मध्यम प्रमाणात कमी होतात आणि व्यायाम जोमदार असेल तर परिणाम अधिक दिसतो असे आढळले, पण पुराव्याचा दर्जा बेताचाच होता. त्यामुळे दोन-दोन आठवडे अंथरुणातून उठवत नसलेल्या माणसाला ‘सायकल मार, बरा होशील’ असे सांगणे आणि ‘साडेसाती आहे, शनिवारी तेल वाहा’ असे सांगणे, यांत मी फारसा फरक करत नाही. त्याच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, सरकारची १४४१६ या क्रमांकावरील टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा आहे.

माणसांतील या यंत्रणेबद्दल २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मात्र घाटातल्या सायकलस्वाराने वाचण्यासारखा आहे. सहनशक्तीचा सराव असलेल्यांच्या स्नायूंत वरील विकरे सराव नसलेल्यांपेक्षा जास्त आढळली. दीर्घ पल्ल्याच्या व्यायामानंतर तासाभरातच रक्तातील कायन्युरेनिक आम्ल वाढले. परंतु स्नायू ताणले जात असतानाच जोर लावावा लागतो अशा तीव्र व्यायामानंतर ते वाढले नाही. पॅडल मारताना स्नायू जवळजवळ फक्त आखडतच काम करतात. उलट गड पायी उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असताना वजन पेलतात आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी जिना उतरणे नकोसे होते. एकाच गडावर एकाने सायकलने चढून आणि दुसऱ्याने पायी उतरून रक्ताचे नमुने दिले, तर त्या दोघांच्या कायन्युरेनिक आम्लात किती अंतर पडेल, हे मोजलेले मला वाचायला आवडेल.